एक जानेवारी : देवमातेच्या नावाने उघडणारे वर्ष

कॅथलिक पंचांगात १ जानेवारी हा दिवस 'देवमाता पवित्र मरिया' हिचा महासण मानला जातो. महासण म्हणजे उपासनेच्या क्रमवारीतील सर्वांत वरच्या दर्जाचा सण. चर्चचे स्वतःचे उपासनावर्ष या तारखेला सुरू होत नाही. ते नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने सुरू होते. त्यामुळे १ जानेवारी हा मुळात व्यवहारातला, राज्यकारभारातला वर्षारंभ आहे, आणि तो मरियेच्या नावाने साजरा व्हावा ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. आजची व्यवस्था पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली केलेल्या पंचांगसुधारणेतून आली, म्हणून ती अलीकडची वाटते. परंतु तिची मुळे शोधू गेल्यास रोमच्या सर्वांत जुन्या मरियाभक्तीपर्यंत जाता येते.

रोममध्ये इसवी सनपूर्व १५३ पासून नवे कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च राज्याधिकारी, १ जानेवारीस पदभार स्वीकारीत, आणि इसवी सनपूर्व ४५ मध्ये ज्युलियस सीझरची सुधारित कालगणना सुरू झाली तेव्हा वर्षारंभाची तीच तारीख कायम राहिली. त्या दिवशी मेजवान्या झडत, सोंगे निघत आणि शुभशकुन म्हणून 'स्ट्रेने' नावाच्या भेटी दिल्या जात. चौथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती धर्माचार्यांना हा उत्सव जुन्या देवतांच्या पूजेपासून वेगळा काढता येत नव्हता. म्हणून संत ऑगस्टीन यांनी या दिवशीच्या प्रवचनात भेटींऐवजी दानधर्म करावा आणि मेजवानीऐवजी उपास करावा असा उपदेश केला, तर ५६७ साली फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मसभेने जानेवारीच्या आरंभीच्या दिवसांत उपास व प्रार्थना करण्याचा नियम घालून दिला. नववर्षाशी चर्चचा पहिला संबंध असा विरोधाचा होता.

हा विरोध ओसरण्यास दिवसाचे स्थानच उपयोगी पडले. २५ डिसेंबरपासून मोजल्यास १ जानेवारी हा आठवा दिवस येतो. मोठा सण आठ दिवस चालवून आठव्या दिवशी त्याची सांगता करायची, या रीतीला अष्टाह म्हणता येईल. शिवाय लूकच्या शुभवर्तमानानुसार याच आठव्या दिवशी बाळाची यहुदी रिवाजाप्रमाणे सुंता होऊन त्याचे नाव येशू ठेवण्यात आले. स्पेन आणि फ्रान्सकडील चर्चमध्ये सहाव्या शतकापासून हा दिवस सुंतेचा सण म्हणून रूढ होत गेला. रोमने मात्र आरंभी वेगळा मार्ग धरला होता, आणि तो समजण्यासाठी एफेससच्या धर्मसभेकडे वळावे लागते.

कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष नेस्टोरियस यांचे म्हणणे असे होते की मरियेला 'ख्रिस्ताची माता' म्हणावे, 'देवाची माता' म्हणू नये, कारण देवाला जन्म देणारी कोणी असू शकत नाही. अलेक्झांड्रियाचे सिरिल यांनी याला उत्तर दिले की ख्रिस्तामध्ये देव आणि मनुष्य असे दोन वेगळे कोणी नाहीत. जो मरियेच्या पोटी आला तो देवाचा पुत्रच आहे, म्हणून तिला 'थिओटोकॉस' म्हणजे 'देवाला जन्म देणारी' म्हणणे योग्यच आहे. वरकरणी मरियेविषयी असलेला हा वाद खरे तर ख्रिस्ताच्या स्वरूपाचा होता. २२ जून ४३१ रोजी आजच्या तुर्कस्तानातील एफेसस येथे, मरियेच्याच नावाच्या चर्चमध्ये सभा भरली आणि तिने नेस्टोरियस यांना पदच्युत केले. सिरिल यांनी आपल्या पत्रात लिहिले आहे की निर्णयाची वाट पाहत दिवसभर ताटकळलेल्या लोकांनी रात्री मशाली पेटवून धर्माध्यक्षांना त्यांच्या बिऱ्हाडापर्यंत पोहोचवले आणि स्त्रिया धूपदाने घेऊन पुढे चालत होत्या. विद्वानांच्या सभेतील एका शब्दावर सामान्य माणसांनी इतका जीव टाकावा, यातच त्या भक्तीची खोली दिसते.

यानंतर रोममध्ये पोप तिसरे सिक्स्टस (४३२–४४०) यांनी सांता मरिया माज्जोरे हे भव्य मंदिर मरियेला अर्पण केले, आणि पुढे १ जानेवारी हा दिवस नाताळाच्या छायेतील मरियेचा सण म्हणून पाळला जाऊ लागला; रोमच्या स्वतःच्या परंपरेतील हा तिचा सर्वांत जुना सण मानला जातो. मात्र सातव्या शतकात पूर्वेकडून मरियेचे जन्म, स्वर्गोन्नयन इत्यादी सण रोममध्ये आले, पोप पहिले सर्जियस यांनी त्यांना मिरवणुकांची जोड दिली, आणि या नव्या सणांपुढे जानेवारीतील जुना सण मागे पडला. कालांतराने सुंतेच्या सणाने ती तारीख व्यापली. तरीही प्रार्थनाग्रंथाने जुनी आठवण जपली. सणाचे नाव सुंतेचे असताना त्या दिवशीच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेची, मुख्य प्रार्थना मरियेच्या कौमार्यातून मानवजातीला लाभलेल्या तारणाविषयीच बोलत राहिली, आणि रोममधील त्या दिवसाच्या उपासनेचे नेमलेले ठिकाण तायबर नदीपलीकडील सांता मरिया हेच होते. शीर्षक बदलले, प्रार्थना बदलली नाही.

मरिया आणि वर्षारंभ यांची गाठ मध्ययुगात आणखी एका वाटेने पडली. देवदूताने मरियेला निरोप दिला तो दिवस २५ मार्च, म्हणजे नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधीचा. देवपुत्राच्या देहधारणेपासून वर्ष मोजावे या विचाराने फ्लोरेन्समध्ये आणि इंग्लंडमध्ये वर्ष त्याच दिवशी बदलत असे. इंग्लंडने ही रीत १७५२ मध्ये सोडली. तोवर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींतील कागदपत्रेही तिला अनुसरत. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली तेव्हा तेथील इंग्रजांच्या गणनेने अजून १६६३ हेच वर्ष चालू होते, कारण मरियेचा मार्चातील सण यायचा होता. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला इंग्रजी पत्रांवर दिसणाऱ्या दुहेरी सनांचे मूळ असे एका मरियासणात आहे.

१७५१ मध्ये पोर्तुगालला मरियेच्या मातृत्वाचा स्वतंत्र सण पाळण्याची अनुमती मिळाली. एफेससच्या सभेला पंधराशे वर्षे झाली त्या १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी तो साऱ्या चर्चसाठी ११ ऑक्टोबरला लागू केला, आणि १९६२ साली याच तारखेला दुसरी व्हॅटिकन धर्मसभा सुरू झाली. त्या सभेनंतरच्या सुधारणेत ऑक्टोबरचा सण १ जानेवारीला आणण्यात आला. पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या 'मारियालिस कुल्टुस' या पत्रात हे पाऊल रोमच्या प्राचीन उपासनेला धरूनच असल्याचे सांगितले. १९६८ पासून त्यांनी हाच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही ठरवून दिला होता. जुन्या करारातील अहरोनाच्या आशीर्वादाचे वाचन या दिवशी होते आणि तो आशीर्वादही शांतीच्या मागणीनेच संपतो. शीर्षक मरियेचे झाले तरी शुभवर्तमानाचे वाचन आठव्या दिवसाच्या नामकरणावरच संपते. म्हणजे नव्या सणाने जुन्या सणाला हुसकावलेले नाही, पोटात घेतले आहे.

मराठी मुलुखाला या परंपरेचा परिचय जुना आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मरियेची आणि तिच्या पुत्राची कथा मराठी ओवीत आणली, आणि चर्चची उपासना लॅटिनमध्ये असताना भक्तीला घरची भाषा दिली. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा केल्यावर वसईच्या चर्चमधून मिस्सा मराठीत होऊ लागली. म्हणजे मराठीतील मिस्सा आणि १ जानेवारीचा देवमातेचा सण ही दोन्ही एकाच सुधारणेची फळे आहेत.

वर्षारंभाला मरियेचे नाव देताना चर्चने नवे काही जोडले नाही. जे प्रार्थनेत शिल्लक होते त्याला पुन्हा सणाचा मान दिला. नववर्षाच्या दिवसाशी आरंभी उपासाने झगडणाऱ्या चर्चने अखेर तो दिवस एका आईच्या हाती सोपवला, आणि या दीर्घ इतिहासातील हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.