सुई, भुजा आणि चकती

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण गायकांच्या आणि कंपन्यांच्या नावांनी लिहिला. तबकडी कशावर वाजवली जात होती, हा प्रश्न शौकिनांच्या गप्पांपुरताच राहिला. उत्तम टर्नटेबल, टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची निवड ही श्रीमंतांची हौस आहे खरी. पण आपल्या कानी कोणता स्वर पडतो हेही त्याच निवडीवर ठरते, असे माझे म्हणणे आहे.

या तिघांत थोरले कोण, याचे उत्तर पिढीगणिक बदलत गेले. मुद्रण करणारी सुई तबकडीवर सरळ रेषेत सरकते. वाजवणारी भुजा खुंटीभोवती कमानीत फिरते. या तफावतीचे गणित १९२४ मध्ये पर्सी विल्सन यांनी ‘द ग्रामोफोन’ मासिकात मांडले. पुढे लोफग्रेन (१९३८) आणि बेअरवाल्ड (१९४१) यांनी ते नेमके केले. नेहमीच्या भुजेत ही तफावत पूर्ण नाहीशी होत नाही, फक्त कमीत कमी राहील अशी वाटून देता येते. कार्ट्रिज बसवताना वापरायच्या मापपट्ट्या आजही याच गणितावर आखतात.

१९४८ मध्ये एलपी आली, खाच बारीक झाली आणि मोटरची घरघर ऐकू येऊ लागली. आता लक्ष चकतीकडे वळले. इंग्लंडचे गॅरार्ड ३०१ (१९५४) आणि स्वित्झर्लंडचे थोरेन्स टीडी १२४ (१९५७) यांनी जड चकती आणि रबरी चाक वापरले. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पट्टा आणि स्प्रिंगांवर तरंगणारा सांगाडा आणला. १९७० मध्ये टेक्निक्सच्या एसपी-१० ने मोटर थेट चकतीलाच जोडली. ग्लासगोच्या लिन कंपनीचे आयव्हर टिफेनब्रुन यांनी १९७० च्या दशकात सांगितले, की चकतीपाशी हरवलेले पुढचा कोणताही अँप्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. स्पीकरपासून खरेदी सुरू करणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता.

टिफेनब्रुन यांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. भुजा आणि कार्ट्रिज यांचा जोड जमला नाही, तर उत्तम चकतीही वाया जाते. भुजेचे प्रभावी वजन १० ग्रॅम, कार्ट्रिजचे ६ ग्रॅम आणि सुईच्या आधाराची लवचिकता २५ एकक धरली, तर दोघांचा अनुनाद ८ हर्ट्झच्या आसपास येतो. हा साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावा. तेच कार्ट्रिज ३० ग्रॅमच्या भुजेला लावले, तर तो साडेपाचच्या खाली उतरतो आणि वाकड्या तबकडीची प्रत्येक लाट भुजेला हलवते. म्हणूनच शुअर व्ही१५ सारख्या लवचीक कार्ट्रिजला हलकी भुजा मानवते, तर जपानी डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ कार्ट्रिजला जड.

आपल्याकडे प्रश्न आणखी एका कारणाने गंभीर होतो. माझ्याकडे वडिलांनी जमवलेल्या लाखेच्या तबकड्या आहेत, एलपीही आहेत. लाखेच्या तबकडीला सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, एलपीला साधारण १८ ते २५. एलपीची सुई जुन्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि स्वराऐवजी खरखर उचलते. त्यात जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असेलच असे नाही. वेगात सहा टक्के फरक पडला, की काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो. गायकाच्या पट्टीवर आपण निष्कर्ष काढतो ते असल्या यंत्रावर ऐकून! लिनचे प्रसिद्ध एलपी१२ सुरुवातीला फक्त ३३⅓ वेगाचे होते. गॅरार्ड ३०१ वर ७८ आहे आणि वेग किंचित कमी-जास्त करण्याची सोयही. जुन्या संगीताच्या अभ्यासकाला दुसरेच उपयोगी.

म्हणून माझा क्रम असा: आधी आपल्याजवळच्या तबकड्या पाहाव्यात, त्यांना साजेशी सुई ठरवावी, सुईला मानवेल अशी भुजा घ्यावी आणि मग त्या भुजेला पेलणारी, हवा तो वेग देणारी चकती. किंमत शेवटी पाहावी.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली आणि वेष्टनावर एका फेऱ्याचा वेळ, ३.६ सेकंद, कोरून ठेवला. केसरबाईंचा षड्ज कुठे लागावा, याची तेवढी काळजी आपल्या घरातल्या तबकड्यांच्या वाट्यालाही यायला हवी.