इंग्लिश खाडी, थंडी आणि निरीक्षक : दीर्घ पल्ल्याच्या सागरी जलतरणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी २४ ऑगस्ट १८७५ रोजी डोव्हर येथे पाण्यात उडी घेतली आणि २१ तास ४५ मिनिटांनी फ्रान्सचा किनारा गाठला. कोणत्याही साधनाविना इंग्लिश खाडी पोहून जाणारे ते पहिले जलतरणपटू होत. थंडीविरुद्ध त्यांच्याजवळ अंगाला चोळलेले पॉरपॉइज माशाचे तेल आणि अधूनमधून घेतलेली ब्रँडी एवढीच सामग्री होती. (वस्तुतः पॉरपॉइज हा मासा नव्हे, सस्तन प्राणी होय, आणि ब्रँडीने ऊब आल्याचा केवळ भास होतो, शरीराची उष्णता मात्र त्वचेवाटे अधिकच बाहेर पडते.) यानंतरच्या ३६ वर्षांत अनेकांचे प्रयत्न फसले. १९११ मध्ये टॉमस बर्जेस यांना यश मिळाले. या अपयशांची कारणमीमांसा त्या काळी बहुधा प्रवाह, वारा आणि जिद्द या तीन शब्दांत केली जाई.

खाडीची किमान रुंदी सुमारे ३३ किलोमीटर असून ऐन हंगामातही पाण्याचे तापमान साधारणतः १५ ते १८ अंश सेल्सिअस असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. प्रथम हुडहुडी भरते, बोटे आखडतात आणि पुढे विचारशक्तीच मंदावते. खरा धोका या शेवटच्या टप्प्यात आहे, कारण आपण धोक्यात आहोत हे ओळखण्याची क्षमता पोहणाऱ्यापाशी उरत नाही. हा विषय अगदीच अज्ञात होता असेही नाही. लिव्हरपूलचे वैद्य जेम्स करी यांनी थंड पाण्यात ठेवलेल्या माणसांचे तापमान तापमापकाने मोजून आपले निष्कर्ष १७९७ मध्येच प्रसिद्ध केले होते. तथापि क्रीडाजगताने त्यांची दखल घेतल्याचे दिसत नाही.

१९२७ हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते. ७ ऑक्टोबर रोजी मर्सिडीज ग्लाइट्झ यांनी खाडी पार केली. लगेच काही दिवसांत दुसऱ्या एका महिलेने त्याहून कमी वेळात खाडी पोहल्याचा दावा केला. तो खोटा असल्याचे पुढे तिनेच कबूल केले. या प्रकरणाने साऱ्याच दाव्यांवर संशयाचे सावट पडले. परिणामी ग्लाइट्झ यांना २१ ऑक्टोबर रोजी, पाणी अधिकच गारठले असताना, पुन्हा समुद्रात उतरावे लागले. दहा तासांहून अधिक काळ झुंज दिल्यावर अर्धवट शुद्धीत त्यांना नावेत ओढून घेण्यात आले. त्यांचे पहिले पोहणे मात्र ग्राह्य धरले गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या चॅनल स्विमिंग असोसिएशनने अशा दाव्यांची शहानिशा करण्याचे काम हाती घेतले आणि सोबतच्या नावेतील निरीक्षकाच्या साक्षीला अधिकृत महत्त्व आले. निरीक्षकाचे हे पद निर्माण झाले ते सत्याच्या रक्षणासाठी. प्राणरक्षणाचा विचार त्यामागे नव्हता.

थंडीचा शास्त्रीय विचार सुरू होण्यास आणखी पाव शतक जावे लागले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी एडहोम यांच्यासह खाडी पोहणाऱ्यांचा अभ्यास केला. तो १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ग्रीक जलतरणपटू जेसन झिरगानोस हे त्यातील प्रमुख अभ्यासविषय होते. तुलनेसाठी स्वतः प्यू, अंगाने सडपातळ, थंड पाण्यात उतरले. निष्कर्ष विलक्षण होता. प्यू यांचे तापमान स्वस्थ पडून राहण्यापेक्षा पोहताना अधिक झपाट्याने उतरत होते, कारण हालचालीने रक्त हातापायांकडे धावते आणि तेथे निवते. झिरगानोस यांच्या त्वचेखालील चरबीचा थर मात्र पोहताना निर्माण झालेली उष्णता राखून ठेवत होता. अंगाला फासलेल्या ग्रीसचा खरा उपयोग त्वचा सोलवटू नये यासाठीच आहे, हे आज मान्य झाले आहे.

परंतु संरक्षणाचे ज्ञान म्हणजे मर्यादेचे ज्ञान नव्हे. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांमधील नॉर्थ चॅनल हा जलमार्ग इंग्लिश खाडीहून बराच थंड आहे. तो प्रथम टॉम ब्लोअर यांनी १९४७ मध्ये पार केला. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये झिरगानोस तेथे उतरले. सोळा तासांहून अधिक काळ पोहून स्कॉटलंडचा किनारा अवघ्या काही मैलांवर आला असताना ते बेशुद्ध झाले आणि मृत्यू पावले. ज्या देहावरून थंडीस तोंड देण्याचे शास्त्र मांडले गेले, तोच देह चार वर्षांनी थंडीला बळी पडला. चरबीमुळे तापमान हळू उतरते, पण ते उतरतेच. आणि ज्याला ते उतरल्याचे कळत नाही त्याच्या जिद्दीवर निर्णय सोपवला की शेवट असाच होऊ शकतो.

यामुळे निरीक्षकाच्या भूमिकेचा अर्थ बदलला. परंपरागत नियमांनुसार पोहणाऱ्यास कोणी स्पर्श केल्यास प्रयत्न बाद ठरतो. म्हणजे नाडी पाहणे वा कपाळावर हात ठेवणेही शक्य नाही. सर्व निदान दुरूनच करावे लागते. त्यामुळे आज नावेतून दर मिनिटाला किती हात मारले जातात ते मोजतात आणि तो आकडा घसरू लागला की साधे प्रश्न विचारले जातात. उत्तर अडखळत आले, तर पोहणारा ‘मी ठीक आहे’ म्हणत असला तरी ते मानले जात नाही. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये सात सागरी मार्गांची जी मालिका पूर्ण केली, तिच्यात नॉर्थ चॅनलचाही समावेश होता. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात वाढलेल्या जलतरणपटूला अशा मार्गासाठी शरीर थंडीला आधी सरावून घ्यावे लागते, आणि त्यानंतरही पाण्यातून बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार नावेतल्या माणसांकडेच राहतो.