बत्तीसपैकी एक : पुणे नगरपालिकेतले जोतीराव फुले

जोतीराव फुले म्हटलं की आपण 1848 च्या भिडेवाड्यातल्या शाळेपासून सुरुवात करतो आणि 1873 च्या सत्यशोधक समाजापाशी येऊन थांबतो. पुढे कुठेतरी एक ओळ असते, '1876 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले.' बस्स. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर अशा एका ओळीत गुंडाळलेल्या गोष्टीपाशी जरा रेंगाळा.

आधी विचारा, सदस्य म्हणजे काय? आजचे नगरसेवक डोळ्यांसमोर आणू नका. जोतीरावांना मतदारांनी निवडून दिलेलं नव्हतं, सरकारने नेमलं होतं. म्हणजे मर्जी सांभाळायची ती नेमणाऱ्याची. त्यात ते कंत्राटदार. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण अशा सरकारी कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. खुर्चीही सरकारची आणि कामंही सरकारचीच! ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर पुढच्या किश्शाचं वजन कळत नाही.

किस्सा तुम्ही ऐकला असेल. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यात येणार, त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. आणि 32 सदस्यांत विरोधी मत एकट्या त्यांचंच पडलं. लिटन म्हणजे 1878 मध्ये देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणणारे. सत्यशोधकांच्या 'दीनबंधु'लाही तो जाचणारच होता.

आता तारीख बघा. बऱ्याच लेखांत हा प्रसंग नोव्हेंबर 1880 चा दिलेला असतो. पण 8 जून 1880 ला लॉर्ड रिपन यांनी कारभार हाती घेतला होता. म्हणजे नोव्हेंबरात लिटन गव्हर्नर जनरल नव्हतेच. तारीख आणि पाहुणा, दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. आपण मात्र वर्षानुवर्षं दोन्ही एकत्रच उतरवून घेतो. (पाच लेखांत एकच तारीख मिळाली म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. चार जणांनी एकाचं बघून लिहिलेलं असू शकतं.)

यामुळे विरोध खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही, कारण तो त्यांच्या बाकीच्या वागण्याशी जुळतो. जुलै 1880 मध्ये त्यांनी नगरपालिकेचे अधिकारी प्लंकेट यांना पत्र लिहून शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. दारूपासून सरकारला अबकारीचं उत्पन्न मिळे, म्हणजे बोट पुन्हा सरकारच्या खिशाकडेच. त्याआधी 1868 मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो कुठल्याही पदाविना. सार्वजनिक पैसा आणि पाणी कुणासाठी, हा प्रश्न नगरपालिकेत जायच्या आधीपासूनच त्यांच्या डोक्यात होता.

मी मूळचा विज्ञानाचा, त्यामुळे अपूर्णांक दिसला की आधी छेदाकडे नजर जाते. 32 हा एकूण सदस्यांचा आकडा. त्या दिवशी हजर किती होते, उरलेल्यांनी बाजूने हात वर केला की गप्प बसले, हे त्यातून कळत नाही. ते सभेच्या इतिवृत्तात शोधायचं, आणि सरकार देशी वृत्तपत्रांचा जो साप्ताहिक इंग्रजी गोषवारा काढत असे त्यात. शोधताना 1880 च्या अलीकडची वर्षंही चाळा.