पित्त : एका शब्दाचा पसारा

मराठीत पित्त खवळते, अंगावर उठते आणि रात्री छातीत जळतेही. राग, गांधी आणि जळजळ एकाच शब्दात सामावल्याने सोय झाली, तसा घोटाळाही. शरीरशास्त्रातले पित्त यकृतात तयार होते. छातीत जळते ते जठरातले आम्ल.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत आम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय नाही. तो काश्यपसंहितेत आहे. पुढे माधवनिदानात त्याचे ‘ऊर्ध्वग’ व ‘अधोग’ असे भेद येतात. म्हणजे वर चढण्याची ही खोड जुन्यांनी नेमकी हेरली होती. जठरातले आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे विल्यम प्राउट यांचे संशोधन १८२४ साली प्रसिद्ध झाले. अन्ननलिकेच्या दाहामागे हेच आम्ल असावे, असे अ‍ॅशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ मध्ये मांडले. दोष बहुधा आम्लाच्या असण्यात नसतो. अन्ननलिकेच्या तळाची स्नायूंची झडप सैलावते, आणि ते वर येते. म्हणून उशिरा जेवून लगेच आडवे होणे भोवते. पलंगाची उशाकडची बाजू उंचावली की आराम पडतो.

आमच्या स्टाफरूममध्ये चहामागोमाग अँटासिडची गोळी फिरते. कुणाच्या छातीत कळ येऊन घाम फुटला, तरी पहिले निदान ‘पित्त’च! अशा वेळी शब्दावर विसंबू नये. तडक रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.