रेशोची गोष्ट: वाढपी सगळे, जेवणारा कोणी नाही

‘पीएचडीत नक्की काय करतेस?’ असं घरी कोणी विचारलं की मी सांगते, फुकट मिळणाऱ्या गोष्टीचाही लोक पै-पैचा हिशेब का ठेवतात ते शोधतेय. पुढचा प्रश्न नोकरीचा असतो, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहतं. ते आज इथे पुरं करते.

२००० साली ग्नुटेला या फाइल शेअरिंगच्या जाळ्यावर एतान अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी मोजणी केली. जवळपास ७० टक्के लोक नुसतं घेत होते, देत काहीच नव्हते. पुढच्याच वर्षी ब्रॅम कोहेनचं बिटटॉरेंट आलं. त्यात फाइलचे तुकडे होतात आणि जो मला तुकडे देतो त्याला मी देते. छान आहे, पण फाइल पूर्ण झाली की थांबायचं कारणच संपतं. स्वतःचं जेवण झाल्यावर पंगतीला वाढायला कोण थांबणार?

यावर खासगी ट्रॅकरांनी तोड काढली. ट्रॅकर म्हणजे कोणती फाइल कोणाकडे आहे हे सांगणारा सर्व्हर. खासगी ट्रॅकरवर सहसा आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, आणि प्रत्येकाचं खातं असतं: किती दिलं भागिले किती घेतलं. हाच तो रेशो. तो फार घसरला की हकालपट्टी. इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोहून २००४ पासून चाललेला ‘ओइंक’ हा संगीताचा ट्रॅकर यासाठीच प्रसिद्ध होता.

नियम भलताच यशस्वी झाला, आणि गोची तिथेच आहे. मी १०० एमबी घेतले म्हणजे कोणीतरी १०० एमबी दिलेच. सगळ्यांचं मिळून देणं आणि घेणं कायम सारखं, म्हणजे सगळ्यांचा एकत्र रेशो बरोबर १. कोणाच्या खात्यावर ५० दिसत असेल, तर त्याची भरपाई दुसऱ्या कोणाच्या तरी तुटीतून झालेली असते. सगळेच एकाच्या वर जाऊच शकत नाहीत! त्यातून एखाद्याने युरोपातल्या डेटा सेंटरमध्ये वेगवान सर्व्हर भाड्याने घेतलेला, आणि दुसऱ्याकडे घरचं कनेक्शन, ज्यात अपलोड डाउनलोडपेक्षा कितीतरी मंद. नवख्याची फाइल पूर्ण होईपर्यंत घेणारे पांगलेले असायचे.

मग लोक वागायचे कसे? हवी ती गाणी घ्यायला कचरायचे. नको असलेला, पण नुकताच आलेला आणि गर्दी खेचणारा अल्बम मात्र पहिल्या मिनिटाला उतरवायचे, कारण तो पुढे देऊन रेशो वाढतो. जुन्या फाइलींवर देणारे शेकड्याने रांगेत आणि घेणारा एकही नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ही चलनटंचाई. उपायही तसाच, नोटा छापण्याचा: ‘फ्रीलीच’चे दिवस, म्हणजे घेतलेलं मोजायचं नाही, दिलेलं तेवढं मोजायचं.

टंचाई हे स्पष्टीकरण बरोबर आहे, पण मला ते अपुरं वाटतं. याच धाकापोटी लोकांनी दुर्मीळ सीडी शोधल्या, जुन्या तबकड्या नीट रेकॉर्ड करून चढवल्या, कारण ज्याच्याकडेच ती वस्तू आहे त्याला देण्यात स्पर्धक नसतो. कंजूषपणा आणि औदार्य, दोन्ही एकाच नियमाची पोरं. (हे सगळं बहुतांशी कॉपीराइट मोडून चाललेलं होतं, हे विसरून चालणार नाही.)

ऑक्टोबर २००७ मध्ये पोलिसांनी ओइंक बंद केला. तेव्हा सदस्य होते सुमारे १ लाख ८० हजार. चालकावर फसवणुकीच्या कटाचा खटला चालला, २०१० मध्ये तो निर्दोष सुटला. तोवर ‘व्हॉट.सीडी’ने कधीच जागा घेतली होती. तिथे आमंत्रण नसेल तर आत जायला मुलाखत द्यावी लागे, ध्वनीच्या फॉरमॅटवर चक्क परीक्षा. १७ नोव्हेंबर २०१६ ला, फ्रान्समधल्या कारवाईनंतर, तोही बंद झाला.

गाणी तशी गेली नाहीत, ती सदस्यांच्या हार्ड डिस्कवर विखुरलेली राहिली. गेली ती त्यांची एकत्र यादी, आणि वर्षानुवर्षं रात्रभर संगणक चालू ठेवून जमवलेले सगळ्यांचे रेशो.