शून्य आणि नल

परवा आईला सहज विचारलं, "'हमलोग'चा दिग्दर्शक कोण गं?"

"अशोककुमार!" पोळी उलटता उलटता आईचं उत्तर.

"अगं, तो शेवटी येऊन बोलायचा फक्त."

"मग नाही बाबा माहीत. दारुडा बसेसरराम, बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे... यातलं कोणाबद्दलही विचार!"

सवालाचं कारण असं, की सुट्टीच्या दिवशी विकिपीडियावर थोडीफार झाडलोट करायचा मला नाद आहे. आणि तिथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: टीव्हीच्या अमुक दिग्दर्शकावर स्वतंत्र लेख असावा की नसावा? दिसायला किरकोळ, पण सोडवायला बसलात तर अख्खा शनिवार जातो. माझा गेला.

आधी थोडा इतिहास. केतकरांच्या ज्ञानकोशात कोणाला जागा द्यायची हे संपादक ठरवायचे. कागद मोजका, त्यामुळे निवड करावीच लागायची. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला (मराठी विकिपीडिया २००३चा) आणि कागदाची अडचण संपली. मग घ्या की सगळ्यांना! पण २००५ मध्ये जॉन सीगेनथॅलर या अमेरिकन पत्रकारावरच्या लेखात कोणीतरी निनावी माणसाने लिहून ठेवलं, की केनेडी बंधूंच्या हत्येत याचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं, आणि ते चारेक महिने तसंच राहिलं! कोणी बघायलाच नव्हतं. त्यानंतर हयात व्यक्तींवरच्या लेखांचे नियम कडक झाले. 'उल्लेखनीयते'ची कसोटीही त्याच सुमारास पक्की होत गेली: त्या माणसाबद्दल विश्वासार्ह आणि त्रयस्थ ठिकाणी, नुसतं नाव नव्हे तर सविस्तर लिहिलं गेलं आहे का? मला हा नियम पटतो. तो नसता तर प्रत्येक जण आपल्या काकांवर लेख लिहून मोकळा झाला असता.

आता ही कसोटी 'हमलोग'च्या दिग्दर्शकाला, म्हणजे पी. कुमार वासुदेव यांना लावून बघू.

मालिका उल्लेखनीय आहे का? प्रश्नच नाही. माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आपले वसंतराव साठे १९८२ साली मेक्सिकोला गेले, तिथे मालिकांमधून साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय मांडतात हे त्यांनी पाहिलं, आणि त्यातून 'हमलोग'ची कल्पना निघाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ चालली, दीडशेच्या वर भाग झाले. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा डोस फार झाला, लोक कंटाळले, मग तो कमी करून गोष्ट पुढे आणली. प्रेक्षकांची चार लाखांवर पत्रं आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी त्यावर रीतसर संशोधन केलं.

पण मालिका मोठी म्हणून दिग्दर्शक आपोआप मोठा होत नाही. उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही, असं विकिपीडियावाले म्हणतातच. आणि जे लिहिलं गेलं ते बहुतेक मालिकेच्या परिणामांवर, जोशींच्या लेखणीवर, अशोककुमारवर. मात्र कलावंतांसाठी एक वेगळं कलम आहे: ज्या कृतीवर स्वतंत्रपणे भरपूर लिहिलं गेलंय, ती घडवण्यात या माणसाचा मोठा वाटा होता का? आठवड्यामागून आठवडे दीडशे भाग उभे करणाऱ्या दिग्दर्शकाचा वाटा मोठा नाही म्हणायचं तर मग कोणाचा? माझा निकाल: लेख हवा. भले पाच ओळींचा असेना.

आता दुसरं टोक बघा. लखनौला जन्मलेले वारिस हुसेन यांनी १९६३ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू'ची पहिली गोष्ट दिग्दर्शित केली. पुढच्या वर्षी 'मार्को पोलो'च्या सात भागांपैकी सहा त्यांनी केले. बीबीसीने त्या काळात फिती सर्रास पुसल्या, त्यात 'मार्को पोलो'चे सातही भाग गेले. तरी हुसेन यांच्यावर लेख लिहायला साहित्य रग्गड! कारण तिथल्या चाहत्यांनी घरी टीव्हीवरून आवाज रेकॉर्ड करून ठेवले, मासिकं चालवली, जुन्या लोकांना गाठून मुलाखती घेतल्या. २०१३ मध्ये मालिकेच्या जन्मावर चित्रपट आला, त्यात हुसेन हे एक पात्रच आहे. म्हणजे फीत गेली तरी माणूस उरला, कारण त्याच्याबद्दल कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

आमच्याकडे डेटाबेसचं काम शिकणाऱ्या नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात: शून्य वेगळं आणि 'नल' वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे तो रकाना कोणी भरलाच नाही. दोन्ही एकच समजलात तर हिशोब चुकलाच म्हणून समजा.

ही चूक मी स्वतः केली आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या सुरुवातीच्या काळातल्या एका निर्मात्यावर कोणीतरी चार ओळींचा लेख लिहिला होता. मी गूगलवर पंधरा मिनिटं शोधलं, काही मिळालं नाही, 'उल्लेखनीय नाही, काढावा' असा शेरा मारून जेवायला गेलो. लेख गेला. आता विचार करतो, की १९७०च्या दशकातली मराठी वर्तमानपत्रं गूगलला दिसतात तरी किती? त्यांच्या कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरलेल्या असणार. तेव्हाचे निर्माते म्हणजे सरकारी नोकर, स्वतःची जाहिरात कोण करणार? मी नलला शून्य म्हणून मोकळा झालो. ऑफिसात असा कोड कोणी लिहिला असता तर मीच परत पाठवला असता!

नियम ढिला करा असं माझं म्हणणं नाही. पुरावा नसेल तर लेख नको, हे आजही मान्य. फक्त 'नाही' म्हणण्याआधी एक शनिवार ग्रंथसंग्रहालयात घालवावा, जुने दिवाळी अंक चाळावेत, एवढंच. आणि जे निर्माते-दिग्दर्शक आज हयात आहेत त्यांची सविस्तर मुलाखत घेऊन ती कुठेतरी नीट छापून आणावी. मुलाखत म्हणजे त्रयस्थ पुरावा नव्हे, ठाऊक आहे, पण कुठून तरी सुरुवात व्हायलाच हवी.

असो. आईला म्हटलं, "पी. कुमार वासुदेव."

"कोण रे?"

"हमलोग."

"अस्सं! मग आधी का नाही कोणी सांगितलं?"