गर्भस्थ जीव आणि आद्य ख्रिस्ती नीतिविचार

इ. स. पूर्व १ या वर्षी कामानिमित्त अलेक्झांड्रियास गेलेल्या हिलारिओन नावाच्या इसमाने आपल्या गर्भवती पत्नीस एक पत्र लिहिले. पत्र मोठ्या जिव्हाळ्याचे आहे. काळजी करू नकोस, लहानग्याला जप, मजुरी हाती येताच पाठवून देईन, असे तो कळवितो. आणि त्याच ओघात, मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे, असेही सांगतो. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेले हे पपायरसचे पान वाचताना मन चरकते. आपण काही निर्दय लिहीत आहोत, याची त्या प्रेमळ पतीला जाणीवही नाही!

त्या काळच्या रोमन कुटुंबात नवजात अर्भकास स्वीकारावे की उघड्यावर टाकावे, हे ठरविण्याचा अधिकार पित्याचा असे. गर्भ पाडण्याची औषधेही वैद्यांना ठाऊक होती. पुढे सेव्हेरस व कॅराकल्ला या सम्राटांनी अशा कृत्याबद्दल स्त्रीला हद्दपारीची शिक्षा फर्माविली, ती पतीला त्याच्या संततीपासून वंचित केल्याबद्दल. गर्भातील जीवाचा विचार तीत नव्हता.

अशा जगात ख्रिस्ती समाज वाढू लागला. 'दिदाखे' ही त्याची एक अतिप्राचीन आचारपोथी, साधारणतः पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. दीर्घकाळ लुप्त असलेली ही पोथी फिलोथेओस ब्रिएन्निओस या धर्माधिकाऱ्याला १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे १०५६ सालच्या हस्तलिखितात सापडली. गर्भपात आणि बालहत्या या दोहोंचा निषेध ती एकाच दमात करते. परंतु त्याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. मृत्यूच्या मार्गाने जाणाऱ्यांची जी यादी तीत दिली आहे, तीत बालघातक्यांच्या पंक्तीलाच गरिबांची कणव न करणारे, गरजवंताला विन्मुख पाठविणारे आणि धनिकांची वकिली करणारे बसविले आहेत. जीव वाचविणे आणि जगणाऱ्याला हात देणे, ही त्या शिकवणीत एकाच धर्माची दोन अंगे होती.

इ. स. १७७ च्या सुमारास अथेनागोरसने सम्राट मार्कस ऑरेलियसपुढे आपल्या पंथाची कैफियत मांडली. ख्रिस्ती लोक नरमांस खातात, असा तेव्हा प्रवाद होता. गर्भपातालाही आम्ही हत्या मानतो, मग माणसे कशी मारू, असा त्याचा युक्तिवाद होता.

तथापि हा विचार एकसुरी नव्हता. गर्भाला आकार केव्हा येतो, यावरून दोषाची प्रत ठरवावी काय, याविषयी मतभेद होता. चौथ्या शतकातील बेसिलने हा सूक्ष्म भेद नाकारला. ऑगस्टीनने तो काही अंशी मानला, मात्र कृत्य निंद्यच ठरविले. दंडही सौम्य होत गेला. व्यभिचारातून राहिलेला गर्भ पाडणाऱ्या स्त्रीस पूर्वी मरणकाळापर्यंत बहिष्कृत ठेवीत. ३१४ साली अंकायरा येथील धर्मसभेने ही मुदत दहा वर्षांवर आणली. बेसिल तर म्हणतो, की वर्षे मोजण्यापेक्षा पश्चात्ताप पाहावा. अशा प्रयत्नांत स्त्रियाही प्राणास मुकतात, याचा त्याला विसर पडला नव्हता. मात्र अंकायराच्या त्या कलमात पुरुषाचा उल्लेख नाही. ही उणीव आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

आज जगभर या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. आपल्या देशात १९७१ च्या कायद्याने ठराविक मर्यादेत गर्भपातास मान्यता दिली. २०२१ साली त्या मर्यादा काही बाबतींत वाढविण्यात आल्या. उलट गर्भलिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तशी बंदी घालावी लागली, याचा अर्थ हिलारिओनचे ते वाक्य अद्याप पुसले गेलेले नाही!

प्राचीन शिकवणीचा निष्कर्ष सर्वांना पटेलच असे नाही. पण जो 'नको' म्हणतो, त्याच्यावर दार उघडण्याचे ऋण चढते, हे तिचे मर्म कोणालाही नाकारता येणार नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसलेल्या विधवांना उपदेश करण्याआधी त्यांनी आसरा दिला. निषेध सोपा असतो. त्या स्त्रीच्या दाराशी रात्री दिवा घेऊन कोण उभे राहते, हा खरा प्रश्न आहे.